गजकर्णाचा लेख आणि एका वाक्यात उरकलेले रुग्ण

संपादक महोदय,

कालच्या आरोग्य पुरवणीतला गजकर्णावरचा लेख वाचला. घाम, ओले कपडे, दुसऱ्याचा टॉवेल, सगळं नीट आलं आहे. पण 'प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी विशेष काळजी घ्यावी' या एका वाक्यात ज्यांची बोळवण केलीत, त्यांत माझा भाऊ येतो. विशेष काळजी म्हणजे काय, ते कोणी सांगायचं?

त्याचं मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेलं आहे. मांडीवर चट्टा उठला तेव्हा एका डॉक्टरांनी नुसतं बघून स्टेरॉइड मिसळलेलं मलम दिलं. खाज थांबली, लाली गेली, गोल कडाही पुसट झाली. गजकर्णाची बुरशी मात्र केसांच्या मुळांशी उतरत गेली आणि पुढे तिथे दाबलं की दुखणाऱ्या गाठी आल्या. चकती दिसेना, म्हणून कोणी गजकर्ण म्हणेना. शेवटी त्वचारोगतज्ज्ञांनी पापुद्रा खरवडला, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तेव्हा बुरशीचे धागे दिसले. इतकी साधी तपासणी अशा रुग्णाची मलम लिहून देण्याआधी का होत नाही?

त्याहून गंभीर म्हणजे लेखातलं 'मलमाने न गेल्यास इट्राकोनॅझोलच्या गोळ्या' हे वाक्य. टॅक्रोलिमस, म्हणजे शरीराने नवं मूत्रपिंड नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारं औषध, चालू असलेल्या माणसाने ही बुरशीवरची गोळी परस्पर घेतली, तर शरीरातून टॅक्रोलिमसचा निचरा मंदावतो, रक्तातली पातळी चढते आणि मार बसतो तो मूत्रपिंडावरच. गोळी देताच येत नाही असं नाही. पण टॅक्रोलिमसची मात्रा कमी करून, रक्तातली पातळी तपासत द्यावी लागते. ही गोळी बंद करतानाही पातळी तपासून टॅक्रोलिमसची मात्रा पुन्हा जुळवावी लागते. भावाच्या मूत्रपिंडतज्ज्ञांनी वेळीच अडवलं. आपल्या लेखाच्या भरवशावर बसलेल्याला कोण अडवणार?

केमोथेरपीने पांढऱ्या पेशी घसरलेल्या रुग्णाला तापाबरोबर दुखऱ्या, मध्यभागी काळ्या पडणाऱ्या गाठी आल्या, तर बुरशी रक्तात पसरलेली असू शकते. तिथे मलम लावून वाट बघायची नसते, त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं असतं. याबद्दल लेखात अवाक्षर नाही.

आणखी एक. छायाचित्रात गोऱ्या कातडीवर लालबुंद गोल आहे. सावळ्या त्वचेवर हाच चट्टा तपकिरी किंवा काळपट दिसतो. तो फोटो बघून स्वतःचा आजार ओळखायचा कसा?

इट्राकोनॅझोलबद्दलची सूचना येत्या पुरवणीत त्याच पानावर, ठळक अक्षरांत छापावी, ही विनंती.

– प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाची बहीण