सापडलेली जुनी वस्तू घासू नका

महोदय,

शेत नांगरताना किंवा घराचा पाया खणताना जुने भांडे, मूर्ती, नक्षीची चकती सापडल्याच्या बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. पुष्कळदा फोटोत ती वस्तू चिंच-मीठ लावून लखलखीत केलेली दिसते. पाहून जीव तुटतो.

कोल्हापूरला पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीत १९४४-४५ च्या सुमारास काशाच्या वस्तूंचा साठा मिळाला. पुढे डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथे उत्खनन केले. साठ्यातल्या पोसायडन या सागरदेवाच्या रोमन मूर्तीबद्दल पुष्कळ लिहिले जाते. पण तिच्याबरोबर एक उठावाची चकतीही होती आणि तिच्यावर आहेत ग्रीक पुराणकथेतला वीर पर्सियस व त्याने समुद्रराक्षसापासून सोडवलेली राजकन्या अँड्रोमेडा. आकाशदर्शनाला जाणाऱ्यांना ही जोडी ययाती आणि देवयानी या तारकासमूहांच्या नावांनी माहीत असते. शेजारचे शर्मिष्ठा आणि वृषपर्वा म्हणजे ग्रीक कथेत अँड्रोमेडाचे आईवडील. दोन हजार वर्षांपूर्वीच्या सातवाहन काळात ही कथा पंचगंगेच्या काठी येऊन पोहोचली होती!

अशी चित्रे चेहऱ्यावरून ओळखत नाहीत. शंख-चक्र दिसले की आपण विष्णू म्हणतो, तसेच तिथेही आयुधे पाहावी लागतात. पर्सियसच्या पायांत पंख असलेली पादत्राणे, हातात विळ्यासारखी वाकडी तलवार किंवा मेडुसा राक्षसीचे सापांच्या केसांचे मुंडके. अँड्रोमेडा खडकाशी जखडलेली, पायथ्याशी समुद्रराक्षस. हर्क्युलिस असेल तर सिंहाचे कातडे आणि गदा. छोट्या चकतीवर यातला एखादा पंख नखाएवढाही नसतो. आंबटाने घासले की हिरवा थर जातो आणि त्याबरोबर अशी बारीक रेघही जाते. मग उरतात फक्त ‘एक पुरुष, एक स्त्री’.

मागची बाजू तर कोणी पाहतच नाही. डाग दिल्याच्या, म्हणजे धातू वितळवून जोड दिल्याच्या, खुणा तिथेच असतात. चकती ताटाच्या मध्यावर बसवलेली होती की आरशाच्या पाठीवर, हे त्यांवरून कळू शकते.

१८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचे भूमिगत धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. त्याआधी माती तशीच ठेवून, शेजारी मोजपट्टी धरून दोन्ही बाजूंचे फोटो काढावेत. अशी बातमी छापताना आपणही मागच्या बाजूचा फोटो मागून घ्यावा आणि ‘वस्तू घासू नये’ अशी चौकट सोबत द्यावी, ही कळकळीची विनंती.

आपली नम्र,
इतिहासाची एक निवृत्त शिक्षिका, मिरज