आधी तार, मग शिफ्टर

प्रिय श्रीधर,

तुझं पत्र आणि सायकलचे फोटो दोन्ही मिळाले. फ्रेम अजून इतकी शाबूत आहे की तू ती विकायचं सोडून शिफ्टर, म्हणजे गिअर बदलायचे लिव्हर, बदलायच्या मागे लागलास हे फार बरं झालं. पण तू पसंत केलेला जोड, ब्रेक आणि गिअर एकाच लिव्हरमध्ये असलेला 9 गिअरांचा, तो मात्र इतक्यात घेऊ नकोस. का ते सांगतो. पत्र लांबणार, तेव्हा निवांत वाच.

तू दोन तक्रारी एका दमात लिहिल्या आहेस. एक, गिअर बदलायला हात हँडलवरून काढून खाली डाउनट्यूबपर्यंत, म्हणजे फ्रेमच्या खालच्या तिरप्या नळीपर्यंत, न्यावा लागतो, आणि चढावर नेमका तेव्हाच तोल जातो. दुसरी, गिअर कधी नीट बसतो, कधी मागच्या दोन दातेरी चकत्यांच्या मध्ये कुरकुरत राहतो. ही दोन वेगळी दुखणी आहेत. पहिलीसाठी शिफ्टरची जागा बदलायला हवी. दुसरीचं कारण बहुतेक वेळा शिफ्टरमध्ये नसतंच. ते तारेत असतं, तिच्यावरच्या नळीत, म्हणजे आउटरमध्ये असतं, नाहीतर वाकलेल्या हँगरमध्ये, म्हणजे चेन सरकवणारा मागचा डिरेलर ज्यावर टांगलेला असतो त्या फ्रेमच्या कानात.

तुझे लिव्हर फ्रिक्शनचे आहेत. आत खटका नाही. मधला स्क्रू आवळलेला असतो, त्या घर्षणावर लिव्हर जिथल्या तिथे राहतो, आणि तार किती ओढायची हे तुझी बोटं आणि कान ठरवतात. 1984 साली शिमानोनं ड्युरा-एस या आपल्या वरच्या मालिकेत एसआयएस आणलं आणि हा अंदाज शिफ्टरच्या पोटात गेला: एक खटका, एक गिअर. 1990 मध्ये तोच खटका ब्रेकच्या लिव्हरमध्ये आला, तो एसटीआय. कॅम्पाग्नोलोचा एर्गोपॉवर त्यानंतरचा, 1992 चा. तुझ्या सायकलची फ्रेम या दोन्हींच्या आधीच्या हिशेबानं बांधलेली आहे.

आता थोडं गणित, कारण सगळा खेळ मिलिमीटरचा आहे. शिमानोचा 8 गिअरांचा शिफ्टर एका खटक्याला साधारण 2.8 मिमी तार ओढतो. मागचा डिरेलर ती हालचाल साधारण 1.7 पट करतो, म्हणजे चेन 4.8 मिमीच्या आसपास सरकते. 8 गिअरांच्या कॅसेटमध्ये, म्हणजे मागच्या चकत्यांच्या जुडग्यात, दोन चकत्यांचं अंतर तेवढंच असतं, म्हणून खटका बरोबर लागतो. 9 गिअरांचा शिफ्टर एका खटक्याला 2.5 मिमीच ओढतो, कारण त्याच्या चकत्या 4.35 मिमीवर असतात. तुझ्या मागच्या 6 चकत्यांच्या फ्रीव्हीलवर, म्हणजे हबवर आट्यांनी बसणाऱ्या जुन्या धर्तीच्या जुडग्यावर, हे अंतर साधारण 5.5 मिमी आहे. तो 9 चा शिफ्टर तिथे लावलास तर प्रत्येक खटक्याला मिलिमीटरहून जास्त कमी पडणार, आणि पाचव्या खटक्यापर्यंत तू अख्ख्या एका चकतीनं मागे राहशील. तारेचा ताण जुळवणारा बॅरल कितीही फिरव, हा फरक जाणार नाही.

म्हणजे 9 चं सगळंच बदलावं लागेल. फ्रीव्हील काढून कॅसेट बसेल असं फ्रीहबचं चाक, त्यावर कॅसेट, अरुंद चेन. शिवाय तुझ्या फ्रेमचे मागचे दोन ड्रॉपआउट, म्हणजे चाकाचा आस बसतो त्या खाचा, बहुधा 126 मिमीवर आहेत आणि हे चाक मागतं 130. पोलादी फ्रेम 4 मिमी उघडता येते, जाणकार माणूस ती मोजून सरळ करून देतो. ॲल्युमिनियमची किंवा कार्बनची असती तर मी ‘हात लावू नकोस’ एवढंच लिहिलं असतं. पण एवढं करायचंच कशाला? तुला शर्यतीत उतरायचं नाहीये, चढावर हात हँडलवर ठेवायचाय.

माझं मत असं: बार-एंड शिफ्टर घे. ड्रॉप, म्हणजे खाली वळलेल्या, हँडलच्या दोन्ही टोकांत, नळीच्या आत ते फसतात. ब्रेकचे लिव्हर आहेत तेच राहतात आणि पकडही तशीच. फ्लॅट हँडलवर बसणारे थंब शिफ्टर मलाही आवडतात, पण त्यांचा क्लॅम्प 22.2 मिमीच्या नळीसाठी असतो आणि ड्रॉप हँडलची नळी 23.8 मिमीची, तेव्हा तो विषय तुझ्यासाठी संपला. बार-एंडमध्ये उजवा शिफ्टर बहुतेकदा खटक्याचा असतो, आणि कित्येक मॉडेलांत एक कळ फिरवली की तो साध्या फ्रिक्शनवर जातो. ही सोय बघूनच घे. कधी लांब वाटेवर डिरेलर आपटला, खटके जुळेनासे झाले, की कळ फिरवायची आणि अंदाजानं घर गाठायचं. एकत्रित लिव्हरमध्ये ही पळवाट नसते.

डावा, म्हणजे पुढच्या चकत्यांचा, फ्रिक्शनचाच असू दे. यात मी जुन्या वळणाचा वाटेन, हरकत नाही. पुढे दोनच चकत्या, आणि मागचा गिअर बदलला की चेन पुढच्या डिरेलरच्या पिंजऱ्याला घासायला लागते. फ्रिक्शनवर लिव्हर जरासा ढकलला की घासणं बंद.

मागचं 6 चं फ्रीव्हील मात्र बदल. 7 चं घे. त्याच हबच्या आट्यांवर बसतं आणि 126 मिमीत सहसा मावतं. एकच बघ, चेन सर्वांत लहान चकतीवर असताना फ्रेमला लागत नाही ना. 6, 7 आणि 8 गिअरांना एकाच जाडीची चेन चालते, त्यामुळे चेन झिजली नसेल तर तीच राहू दे. 7 च्या चकत्या 5 मिमीवर असतात. 7 चा बार-एंड मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तर 8 चा चालतो: सहा खटक्यांत मिळून फरक 1.2 मिमी पडतो, आणि मधल्या चकतीवर नेमकं जुळवून घेतलं की दोन्ही टोकांना 0.6 मिमीच उरतो. एवढा फरक शिमानोच्या मागच्या डिरेलरमधली वरची पुली पोटात घालते, कारण ती मुद्दामच आडवी थोडी हलती ठेवलेली असते. बरेच जण ती हलते म्हणून झिजली समजतात आणि चांगली पुली फेकून देतात. 8 च्या शिफ्टरला एक खटका शिल्लक राहील. चेनला टोकाच्या चकत्यांपलीकडे जाऊ न देणारे लिमिट स्क्रू नीट लावलेस की त्याचा त्रास नाही.

तुझा मागचा डिरेलर फोटोत नीट दिसत नाही. शिमानोचा एसआयएसच्या काळातला असेल, तर ठीक. अपवाद जुन्या 7400 मालिकेतल्या ड्युरा-एसचा: त्याचं प्रमाण वेगळं आहे आणि तो आपल्याच मालिकेच्या शिफ्टरशी जुळतो. त्याहून जुना, सांध्यांत खिळखिळा झालेला असेल, तर खटक्याचा शिफ्टर त्याच्यावर वाया जाईल. हातानं धरून आडवा हलवून बघ, ढिलाई लगेच कळते.

आणि तार. सगळं नवं आणून आउटर जुनंच ठेवणारे लोक मला कळत नाहीत. गिअरचं आउटर 4 मिमीचं असतं आणि त्यात बारीक तारा लांबीच्या दिशेनं सरळ धावतात, म्हणून ते दाबानं आखूड होत नाही. ब्रेकचं 5 मिमीचं, त्यात गुंडाळलेली चपटी तार असते, आणि वाक बदलला की त्याची लांबी बदलते. माझ्या एका सायकलला आधीच्या कारागिरानं गिअरलाही ब्रेकचंच आउटर घातलं होतं. हँडल वळवलं की मागचा गिअर आपोआप चाळवायचा. उलटं तर कधीच करू नकोस. गिअरचं साधं आउटर ब्रेकला लावलं तर जोरात दाबल्यावर ते फाटू शकतं, आणि ते नेमकं उतारावर होणार.

आउटर कापताना धारदार कटरच हवा. साध्या पक्कडीनं कापलंस तर तोंड चेपतं, आतली प्लास्टिकची नळी बंद होते, आणि पुढे महिनाभर तू शिफ्टरला दोष देत बसशील. कापल्यावर टोक कानसीनं सपाट कर, टोच्यानं आतलं तोंड मोकळं कर, मग टोपी घाल. डाउनट्यूबवरचे लिव्हर काढलेस की खाली दोन उंचवटे दिसतील, त्यांवर केबल स्टॉप बसतात. आउटर तिथे संपतं, पुढे उघडी तार.

जुळवणी सोपी आहे. तार लावण्याआधी लिमिट स्क्रू पक्के कर. मग चेन सर्वांत लहान चकतीवर, तार हातानं ताणून बोल्ट आवळ. एक खटका दे. चेन चढत नसेल तर बॅरल पाव फेरा बाहेर काढ, तिसरीला घासत असेल तर पाव फेरा आत. याआधी हँगर मात्र कुणाकडून तरी तपासून घे. फ्रिक्शनवर वाकडा हँगर खपून जातो, खटक्यावर नाही. तुझी कुरकुर तिथूनच येत असावी असा मला दाट संशय आहे.

अजून एक. वापरलेले शिफ्टर स्वस्तात मिळतात आणि ‘खटका लागत नाही’ म्हणून लोक ते टाकून देतात. बऱ्याचदा आतलं ग्रीस सुकून चिकट झालेलं असतं, खटक्याची जीभ हलत नाही, एवढंच. पातळ सॉल्व्हंट मारून, लिव्हर पुन्हा पुन्हा दाबून ते धुऊन काढायचं, मग पातळ तेल. तसा जोड दिसला तर सोडू नकोस.

तेव्हा काहीही मागवण्याआधी तीन गोष्टी मला कळव: मागच्या ड्रॉपआउटमधलं आतलं अंतर, डिरेलरवर काय छापलंय ते, आणि हँडलच्या टोकाचा आतला व्यास, कारण काही जुन्या हँडलांत बार-एंड घट्ट बसत नाहीत. केबल कटर विकत घेऊ नकोस, माझा घेऊन येतो.

तुझा,
अविनाश