जुन्या छायाचित्रांतील मोटारी

महोदय,

सोलापुरातील जुन्या घरांच्या अल्बममध्ये पणजोबांशेजारी उभी असलेली मोटार सरसकट 'फोर्ड' ठरवली जाते, हे मला मनापासून खटकते. फोर्डची 'मॉडेल टी' १९०८ ते १९२७ या काळात बनत होती आणि तिच्या रेडिएटरचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या, गाडीच्या तोंडाशी असलेल्या भागाचे) पितळी आवरण १९१७च्या मॉडेलपासून काळे झाले, त्यामुळे तेवढ्या एका खुणेवरूनही गाडीचा काळ बराच आवळता येतो. रेडिएटरचा आकार, चाकाच्या मध्यावरील टोपणावरची अक्षरे आणि कार्बाइडचे, म्हणजे कार्बाइडपासून निघणाऱ्या वायूवर जळणारे, दिवे भिंगातून पाहावेत. नंबरपाटी तर आधी वाचावी. कडा कापून छायाचित्र चौकटीत बसवणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे, की तसे करू नये, कारण बहुतेकदा चाके आणि पाटी तिथेच असतात.

– एक वाचक, सोलापूर