रुमालाखालची बोटं

चि. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र तीन सकाळी मिळून लिहिलंय. संधिवाताने उठल्यावर तासभर मूठ वळत नाही. म्हैस आता तुझी आई पिळते, मी ओट्यावर उन्हात बोटं शेकत बसतो. दहा वाजले की पेन धरता येतो. फोन केला असता, पण दिवाळीत तोंडाने जे केलं ते तुला ठाऊक आहे.

कपाशीच्या बियाण्याच्या बिलामागे पेशींचे गोल काढून तू मला तुझं काम समजावत होतीस आणि मी मध्येच म्हणालो, "ते ठीक, पण माझी बोटं बरी होतील का?" तू कागदाची घडी घातलीस. पुण्याच्या गाडीत बसेपर्यंत पुन्हा तो विषय काढला नाहीस. कागद मी ठेवलाय. आजी रोज विचारते, "तुनी पोर तठे काय करस रे?" आजवर "डॉक्टरीचं काहीतरी" म्हणून टाळायचो. आता सांगता येईल, बहुतेक.

तुझे गोल बघताना मला वरखेडीचा बाजार आठवला. बारा वर्षांचा असताना आजोबांबरोबर गोऱ्हा घ्यायला गेलो होतो. त्यांनी दात पाहिले, खूर पाहिले, पाठीवर हात फिरवला. जनावर पसंत. पण भाव कोणी तोंडाने बोललंच नाही. दलालाने रुमाल टाकला, त्याखाली आजोबांची बोटं धरली, दाबली, सोडली, पुन्हा धरली. पसंती वेगळी आणि सौदा वेगळा, हे त्या दिवशी कळलं.

अंगात शिरलेल्या जंतूंशी लढणाऱ्या तुझ्या टी पेशीचं असंच ना? पायाला काटा मोडून चिघळला की जांघेत अवधाण येतं, म्हणजे गाठ सुजते, तिथे तुमचा बाजार. डेन्ड्रिटिक पेशी जखमेतून माल घेऊन येते, प्रथिनाचा तुकडा अंगावर धरून उभी राहते. टी पेशी येतात, आपल्या रिसेप्टरने, म्हणजे अंगावरच्या बोटांनीच म्हण, तो चाचपतात, जुळला नाही तर काही मिनिटांत पुढे सरकतात. जुळला तर तासन् तास चिकटून राहतात. पण तेवढ्याने काम सुरू होत नाही. टी पेशीवरच्या सीडी-२८ नावाच्या प्रथिनाला समोरच्या पेशीचा दुसरा हात, सीडी-८० किंवा सीडी-८६, हाती लागावा लागतो. नुसतीच पसंती झाली आणि हात मिळाला नाही, तर ती टी पेशी सुन्न पडते, पुढे तोच माल दाखवला तरी ढिम्म. हे मला फार आवडलं. आपलं शरीर आपलाच माल सारखं दाखवत असतं, त्यावर रोज सौदे झाले तर कसं चालायचं?

दुसरा हात भरपूर कधी पुढे येतो, तर जंतूची चाहूल लागल्यावर. लाळ-खुरकुताच्या लसीत तेल का घालतात आणि टोचल्यावर बैलाच्या मानेवर गाठ का येते, हे जनावरांच्या डॉक्टरांना मी वीस वर्षं विचारतोय. ते "असंच असतं" म्हणतात. तू दोन वाक्यांत सांगितलंस: तेल तीच चाहूल उठवतं.

मग टी पेशीवरचंच दुसरं प्रथिन, सीटीएलए-४. हा माणूस बाजारात मीही पाहिलाय. सौदा रंगात आला की मध्ये घुसून दलालाचा तोच हात धरतो, आणि त्याची पकड आधीच्यापेक्षा घट्ट. सीडी-२८ ला धरायला काही उरतच नाही. पुष्कळांना आधी हा पण चेतवणाराच वाटला होता, तो लगाम निघाला. जेम्स ॲलिसन यांनी १९९६ साली उंदरांमध्ये तो लगाम सोडला आणि कर्करोगाच्या गाठी विरल्या. जपानच्या होंजोंना १९९२ मध्येच असाच दुसरा लगाम, पीडी-१, सापडला होता. दोघांना २०१८ चं नोबेल. तू हे सांगताना तुझे डोळे चमकत होते आणि मी बोटांकडे बघत होतो.

२००६ ची लंडनची गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. पसंती नसताना थेट सीडी-२८ च दाबणारं औषध सहा धडधाकट तरुणांना दिलं, तेही प्राण्यांना निभावलेल्या मात्रेच्या पाचशेव्या हिश्शाने, आणि काही तासांत सहाही जण अतिदक्षता विभागात. माल न बघता बोटं दाबली. म्हणून तुझ्या कामात सहा महिने वाया गेले तरी रडू नकोस; उशीर लागू दे.

आता माझी बोटं. सांध्यात आपल्याच मालावर सौदे का होतात, ते पूर्ण उलगडलेलं नाही असं तू म्हणालीस. सीटीएलए-४ चाच तुकडा वापरून बनवलेलं, समोरचा हात झाकून टाकणारं औषध आहे, हेही म्हणालीस. महाग आहे, आणि मला अजून लागलेलं नाही. जळगावच्या डॉक्टरांची गोळी आठवड्यातून एकदाच, सोमवारी. आई कॅलेंडरवर खूण करते म्हणून दोनदा घेतली जात नाही. झिजलेला सांधा परत येत नाही, पुढची झीज रोखता येते, एवढं तेही सांगतात. मी तुला विचारायला नको होतं. निदान तसं नको होतं.

बिलाच्या कागदावर तुझ्या दोन गोलांच्या मध्ये मी पेन्सिलने रुमाल काढलाय. सोबत पाठवतो. "आप्पा, पेशींना डोकं नसतं" असं म्हणशील, माहीत आहे. चुकलं असेल तिथे लाल पेनने खूण कर आणि परत पाठव. डब्यात कळण्याचं पीठ आहे, भरीताची वांगी अजून आली नाहीत.

तुझे आप्पा