उताराची तयारी

टिळकवाडी, बेळगाव
जूनचा शेवटचा आठवडा

प्रिय सुनील,

सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनला, घाटातल्या त्या २१ किलोमीटरच्या शर्यतीला, नाव घातलंस, फार बरं केलंस. पण सोबत पाठवलेला आठवड्याचा तक्ता वाचला आणि लगेच लिहायला बसलो. सहा दिवस, रोज सहा किलोमीटर, रोज किलोमीटरला पावणेसहा मिनिटं, सगळं सपाट रस्त्यावर. तुझे १० किलोमीटर ५५ मिनिटांत होतात, म्हणजे शर्यतीचा वेग साडेपाच मिनिटांचा. रोजचं पळणं त्याच्यापेक्षा जेमतेम पंधरा सेकंदांनी हळू. हा वेग तुला हलका नाही, आणि जोराचाही नाही. त्यात थकवा रोज साठतो आणि जोराच्या दिवशी पायात काही उरत नाही.

आणि शर्यत कुठली आहे बघ की. साताऱ्यातून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्यावर वळायचं आणि त्याच वाटेनं खाली यायचं. चढाची सगळे धास्ती घेतात, त्यामुळे चढाची तयारी होतेच. उतार मात्र फुकटचा समजला जातो, आणि शेवटच्या सहा-सात किलोमीटरला मांड्या दगडासारख्या होतात. मागच्या पावसाळ्यात तुझं जे झालं म्हणतोस, ते हेच आहे. तो दमाचा दोष नव्हता.

कारण समजून घे. चढताना स्नायू आखडत जोर लावतो. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत असतानाच शरीराचा भार झेलतो, प्रत्येक पावलाला ब्रेक लावल्यासारखा. अशा कामात स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते. दुखणं त्याच दिवशी येत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कळतं. चांगली गोष्ट अशी की शरीर हे फार लवकर शिकतं. उताराचा एक बेताचा सराव झाला की पुढचे काही आठवडे त्याच उतारानं इजा बरीच कमी होते. म्हणून उतार रोज पळायचा नसतो. दोन आठवड्यांतून एकदा पुरे, पण तो चुकवायचा नाही.

आता आठवडा कसा लावायचा ते सांगतो. सोमवार पूर्ण सुट्टी. मंगळवारी सपाटीवर जोराचं काम: दोन किलोमीटर हळू, मग १००० मीटरचे चार तुकडे सव्वापाच मिनिटांच्या वेगानं, दोन तुकड्यांच्या मध्ये दोन मिनिटं संथ जॉगिंग, शेवटी पुन्हा दीड-दोन किलोमीटर हळू. चौथा तुकडा पहिल्यापेक्षा दहा सेकंदांनी मंद झाला, तर पहिला फार जोरात काढलास असं समज. बुधवारी सहा किलोमीटर अगदी हलके. गुरुवारी चढ किंवा उतार, आलटून पालटून. शुक्रवारी पळायचं नाही, घरच्या घरी पायांचा व्यायाम. शनिवारी पाच किलोमीटर हलके. रविवारी लांब पल्ला, आता १२ किलोमीटरपासून सुरू कर आणि दर आठवड्याला एक-दीड वाढव. दर चौथ्या आठवड्याला मात्र तीन-चार किलोमीटरनी कमी कर. १८च्या वर जायची गरज नाही.

हलकं म्हणजे किती, हा तुझ्यासाठी सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा. किलोमीटरला साडेसहा ते सात मिनिटं. घड्याळ विसरलास तर बोलून बघ: सोबतच्याशी धाप न लागता पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत. पहिले पंधरा दिवस हे फार हळू वाटेल, लाजही वाटेल. तरी सोडू नकोस. हृदयाची ताकद, स्नायूंतल्या केशवाहिन्या, घोट्यामागचे कंडरे हे सगळं ह्याच संथ किलोमीटरांत घडतं, आणि मंगळवार-गुरुवार तुला खरोखर जोरात पळता येतात ते ह्याच्यामुळे. बेळगावात आलास की हलक्या दिवसाला व्हॅक्सिन डेपोच्या मैदानातली झाडाखालची माती उत्तम, पायाला मऊ आणि वाहनं नाहीत.

गुरुवारचा चढ असा: साठ ते नव्वद सेकंदांचे सहा चढ, परत येताना चालत. पावलं छोटी, नजर पाच-सहा मीटर पुढे, कंबरेत वाकायचं नाही, घोट्यातून पुढे कलायचं. चढ इतका उभा झाला की पळण्याचा आणि झपाझप चालण्याचा वेग सारखाच वाटतो, तिथे सरळ चाल. चालण्यात कमीपणा नाही, डोंगरातले कसलेले धावपटूही तेच करतात.

उताराला जागा नीट निवड. तवंदीचा घाट तुझ्या दाराशी आहे हे ठाऊक आहे, पण तिथे जाऊ नकोस. राष्ट्रीय महामार्ग तो, वरून भरलेले ट्रक येतात आणि पावसात त्यांना तू दिसत नाहीस. त्यापेक्षा शंभर मीटरला पाच-सहा मीटर उतरणारा, कमी रहदारीचा डांबरी तुकडा शोध. इथे राजहंसगडाच्या रस्त्यावर असे तुकडे मिळतात. पहिल्या वेळी २०० मीटरचे फक्त चार उतार, तेही पाऊण जोरानं. दुसऱ्या दिवशी मांड्या थोड्या दुखतील, दुखू देत. पुढच्या वेळी सहा, मग ३०० मीटरचे सहा, शेवटी आठ. ह्याच्यापुढे नाही.

उतरताना सगळे एकच चूक करतात, मागे रेलतात. मागे रेललं की टाच शरीराच्या पुढे पडते आणि प्रत्येक पावलाला गुडघ्यावर धक्का बसतो. पाऊल शरीराच्या खालीच पडलं पाहिजे. त्यासाठी पावलं लहान आणि भराभर टाक. मिनिटाला किती पडतात ते मोज, सपाटीपेक्षा थोडी जास्तच हवीत. हात कोपरातून जरा बाहेर काढले की तोल राहतो. आवाज ऐक: बूट धपधप वाजत असेल तर पाऊल लांब पडतंय.

दुखण्यात फरक ओळख. मांडीत दोन्हीकडे सारखा ठणका असेल तर तो सरावाचा आहे, दोन-तीन दिवसांत जातो. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, प्रत्येक वेळी साधारण त्याच अंतरानंतर सुरू होणारी टोचणी असेल, तर ती मांडीच्या बाहेरच्या पट्ट्याची तक्रार आहे आणि उतारावर ती वाढतेच. तिथेच थांब, चालत घरी जा. दुखत असताना पूर्ण केलेले चार किलोमीटर पुढचे तीन आठवडे खातात. हाडावर बोटानं दाबून एकाच बिंदूत दुखत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखव, अंदाज करत बसू नकोस.

शुक्रवारच्या व्यायामाला जिम नको. तालमीतल्या बैठका तुला येतातच, त्याच घाल, पण खाली जाताना तीन सेकंद मोजत. १२च्या तीन फेऱ्या. मग जिन्याची एक पायरी: एका पायावर उभा राहून दुसऱ्या पायाची टाच समोर खाली जमिनीला टेकवायची आणि परत वर, हळू, प्रत्येक पायाला दहा वेळा, तीन फेऱ्या. गुडघा आत वळतो का ते आरशात बघ. तो आत वळत असेल तर पायरी आणखी बुटकी घे. शेवटी पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा वर-खाली, १५च्या तीन फेऱ्या. वीस-पंचवीस मिनिटांत उरकतं, आणि उताराच्या तयारीचा अर्धा भाग हाच आहे.

रविवार महिन्यातून दोनदा तरी डोंगरात घालव. येळ्ळूरहून राजहंसगड हा पहिला पर्याय. दुसरा देवरवाडीचा वैजनाथ आणि त्याच्यावरचा महिपाळगड. हद्द ओलांडून महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात जातो आपण, पण बेळगावकरांना तो घरचाच डोंगर. तिथे किलोमीटर मोजू नकोस, वेळ मोज. विल्यम नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ साली डोंगर चालण्याचा एक हिशोब मांडला, तो आजही उपयोगी पडतो: त्याच्या प्रमाणानं १०० मीटरची चढाई म्हणजे सपाटीचे सुमारे ८०० मीटर. म्हणजे ३०० मीटर चढाईचे दहा किलोमीटर पायाला साडेबाराच्या आसपास पडतात. ९० मिनिटं ठरवली असतील तर पंचेचाळिसाव्या मिनिटाला वळ, माथा राहिला तरी चालेल.

पावसात पायाखालची जमीन वाचायला शीक. तुझ्याकडची काळी माती बुटाला चिकटून पाऊल जड करते. पाऊस पडून गेल्यावर दोन दिवस त्या पाणंदींत पळू नकोस, घोटा मुरगळतो. आमच्याकडची तांबडी माती तेवढी चिकटत नाही, पण जांभ्याचा कातळ शेवाळला की कुठलाच तळवा त्याला धरत नाही. तिथे चालायचं. हिरवट-काळा चकाकणारा कातळ दिसला की गवताची कड धर. पाऊस उघडला की जांभ्याची सुटी खडी पायाखालून घरंगळते, तिथे पावलं आणखी लहान. वाटेसाठी तळव्याला चार-पाच मिलिमीटरचे रबरी खिळे असलेले ट्रेलचे बूट हवेत. पण साताऱ्याची शर्यत डांबरावर आहे, तिथे नेहमीचेच रस्त्याचे बूट घाल. खिळ्यांचे बूट डांबरावर टणक लागतात.

जांबोटी-कणकुंबीच्या रानात जायचा मोह आवर. भीमगड अभयारण्यात परवानगीशिवाय शिरता येत नाही, आणि खानापूरच्या जंगलात अस्वलं आणि गवे आहेत. पहाटेच्या अंधारात वळणावर अचानक समोर येणारा पळता माणूस अस्वलाला हल्लेखोरच वाटतो. चोर्ल्याचा रस्ता धुक्यात वाहनांसाठीच अवघड, पळण्याचं नावच नको. आणि कुठल्याही डोंगरात एकटा जाऊ नकोस. गुडघ्याच्या वर पाणी असलेला ओढा ओलांडायचा नाही, मग कितीही लांबचा वळसा पडो.

जळू लागली तर ओढून काढू नको. तोंडाकडच्या टोकाला नख सरकवून सोडव. रक्त लगेच थांबत नाही, कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारा पदार्थ असतो. धुऊन काढ आणि स्वच्छ कापड दाबून धर.

ओले बूट उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नकोस, तळव्याचा डिंक सुटतो. आतलं पातळ तळ बाहेर काढ, तरुण भारतचे जुने अंक कोंब, दोन तासांनी कागद बदल. पावसाळ्यात दोन जोड असले तर फार सोयीचं. मोजे सुती नकोत. बोटांच्या मध्ये आणि जांघेत व्हॅसलीन. उताराला पाय बुटात पुढे सरकतो आणि अंगठ्याची नखं काळी पडतात, म्हणून पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. घोट्याजवळच्या शेवटच्या जास्तीच्या भोकातून लेसचा फास काढून टाच घट्ट बांध. नखं शर्यतीच्या दोन-तीन दिवस आधीच काप.

खाण्यापिण्याचं थोडक्यात. तासाभराच्या पळण्याला पाण्यापलीकडे काही लागत नाही. दीड तासाच्या वर गेलास की तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं हवीत: एक मध्यम केळं साधारण २५ ग्रॅम, पळताना खायच्या गोड जेलचं एक पाकीट साधारण तेवढंच. घाम किती जातो ते स्वतः मोज: पळण्याआधी आणि नंतर अंग पुसून वजन कर, एक किलो घट म्हणजे एक लिटर घाम, वाटेत प्यायलेलं पाणी त्यात मिळवायचं. वाटेत सगळं भरून काढायचा प्रयत्न करू नकोस. नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, आणि ते तहानेपेक्षा घातक आहे. घरी द्रावण करायचं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्यानं. मीठ जास्त पडू देऊ नकोस. लांब पल्ल्याच्या आदल्या रात्री भात-आमटी आणि आपली उकडलेली रताळी. झणझणीत काही नको. सकाळी दोन-अडीच तास आधी दोन केळी किंवा कमी तेलाचे पोहे. बेळगावचा गोड कुंदा शर्यत झाल्यावर.

वेळेचं गणित विचारलंस. पीट रीगल ह्या अमेरिकन इंजिनियरनं १९७७ साली मांडलेल्या सूत्रानं ५५ मिनिटांच्या दहा किलोमीटरवरून सपाट हाफ मॅरेथॉन २ तास १ मिनिटाच्या आसपास निघते. घाटावर ती वेळ विसर. निम्मी वाट किलोमीटरला सव्वासात मिनिटांच्या आत आणि उरलेली सहाच्या आत काढलीस, तर २ तास २० मिनिटांच्या आत पोचशील, आणि ते उत्तम आहे. चढावर छोटी वाक्यं बोलता येतील इतकाच जोर लाव. माथ्यावरून वळल्यावर पहिले दोन किलोमीटर मुद्दाम राखून उतर, कारण तिथेच सगळे सुसाट सुटतात आणि त्याची किंमत साताऱ्यात शिरताना मोजतात. पहिलं जेल पंचेचाळिसाव्या मिनिटाला, दुसरं दीड तासाच्या आसपास. दोन्ही आधी सरावात पोटावर तपासून घे, शर्यतीत नवं काही नको.

शेवटचा मोठा उतार शर्यतीच्या दोन आठवडे आधी. त्या आठवड्यात एकूण अंतर तिसऱ्या हिश्शानं कमी, पुढच्या आठवड्यात निम्मं. मंगळवारचे तुकडे ठेव, फक्त दोनच कर. त्या दिवसांत पाय जड वाटतात, ताप आल्यासारखंही वाटतं कधी. जास्तीचं पळून खात्री करून घ्यायला जाऊ नकोस, झोप काढ.

पुढच्या शनिवारी संध्याकाळीच मुक्कामाला ये. रविवारी उजाडल्यावर येळ्ळूरच्या वेशीतून निघू आणि गडाच्या रस्त्यावर तुझे पहिले चार उतार करून घेऊ. मी बाजूला उभा राहून तुझी टाच कुठे पडते ते बघतो. जुने आणि नवे, दोन्ही बूट घेऊन ये, दोन्हींचे तळवे बघायचे आहेत. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
विजय