पतंग पुरे, तार दाखवा

संपादक महोदय,

डिसेंबर उजाडला की ठाणे आणि नवी मुंबईतल्या शाळांत विज्ञान प्रदर्शनांची लगबग सुरू होते. संगणकाच्या टेबलावर बहुतेक वेळा एक ठरलेला तक्ता असतो. मधोमध पतंगाचे चित्र (दिव्यावर झेपावणारा, संक्रांतीचा नव्हे), शेजारी अमेरिकन नौदलाच्या गणवेशातल्या संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर आणि खाली ठळक अक्षरांत ‘संगणकातील पहिला बग शोधणारी महिला’. ९ डिसेंबर हा हॉपरबाईंचा जन्मदिवस, साल १९०६. त्या निमित्ताने त्यांची आठवण निघते हे बरेच आहे. पण ज्या गोष्टीसाठी निघते ती त्यांच्या कामातली सर्वांत किरकोळ, आणि तक्त्यावर असते तशी खरीही नाही.

९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठात मार्क-टू या संगणकाच्या ‘एफ’ पॅनेलमध्ये ७० क्रमांकाच्या रिलेत पतंग सापडला. रिले म्हणजे विद्युतचुंबकाने ओढला जाणारा स्विच. त्याच्या दोन टोकांमध्ये काहीही अडकले की टोके टेकत नाहीत, मंडल पुरे होत नाही आणि हिशेब चुकतो. यंत्र चालवणाऱ्यांनी पतंग काढून नोंदवहीत चिकटवला आणि बग प्रत्यक्ष सापडल्याची ही पहिलीच वेळ, असा शेरा मारला. तो शेरा विनोदाचा आहे; इंग्रजीत ‘बग’ म्हणजे किडा. यंत्रातल्या दोषाला ‘बग’ म्हणायची पद्धत आधीपासून असल्याशिवाय असा विनोद सुचत नाही. एडिसनच्या १८७८ सालच्या पत्रात हा शब्द याच अर्थाने येतो. हॉपरबाई त्या चमूत होत्या, पुढे भाषणांतून त्यांनी ही गोष्ट रंगवून सांगितली, म्हणून ती त्यांच्या नावावर चढली. पतंग त्यांनी पकडलेला नाही.

बाई मुळात शिक्षिका. १९३१ पासून त्या वासार महाविद्यालयात गणित शिकवत होत्या. येल विद्यापीठाची डॉक्टरेट १९३४ ची. संभाव्यतेच्या वर्गात त्या स्टर्लिंगच्या सूत्रावर व्याख्यान देत आणि मग त्यावर निबंध लिहायला सांगत. गणिताच्या तासाला निबंध कशाला, अशी मुलींची तक्रार असे. बाईंचे म्हणणे असे की जे दुसऱ्याला सांगता येत नाही ते गणित शिकून उपयोग नाही. संगणकात त्यांनी पुढे जे केले त्याचे मूळ इथे आहे. जुलै १९४४ मध्ये नौदलाने त्यांना हार्वर्डच्या मार्क-वनवर पाठवले. ५१ फूट लांबीचे, २३ अंकी आकड्यांवर हिशेब करणारे यंत्र. ते कसे चालवायचे याची पाचशेहून जास्त पानांची पुस्तिका लिहायचे काम ओघाने त्यांच्याकडेच आले.

आज वर्गात दाखवण्याजोगे खरे काम त्यानंतरचे. मार्क-वनवर काम करणारे एकमेकांच्या वह्यांतून तयार कृती (यंत्राला द्यायच्या सूचनांच्या याद्या) उतरवून घेत, उदाहरणार्थ ‘साइन’ काढण्याची. उतरवताना दोन प्रकारच्या चुका होत. पहिली नकलेची. पुढे युनिव्हॅक या संगणकावर मोकळ्या जागेसाठी त्रिकोणाची खूण होती. घाईत काढलेला त्रिकोण इंग्रजी चारसारखा दिसे, आणि इंग्रजी ‘बी’ सुटा लिहिला की त्याचा तेरा होई. (आपल्याकडे ‘ख’ चा ‘रव’ होतो, तसेच.) दुसरी चूक बेरजेची. प्रत्येक कृती शून्य क्रमांकाच्या ओळीपासून लिहिलेली असे. ती ४३० व्या ओळीपासून बसवायची तर आतल्या प्रत्येक पत्त्यात, म्हणजे ओळीच्या क्रमांकात, ४३० मिळवावे लागत.

हे मुलांकडून करून घ्यायला दहा मिनिटे आणि एक कागद पुरतो. शून्य ते नऊ अशा दहा ओळींची कृती द्या. तिसरी ओळ ‘२ ने गुणा’ अशी ठेवा आणि सहावी ‘ओळ २ वर जा’ अशी. मग सांगा, ही कृती ४३० पासून बसवा. सहाव्या ओळीचे ‘ओळ ४३२ वर जा’ होणे बरोबर. पण निम्मी मुले तिसऱ्या ओळीचेही ‘४३२ ने गुणा’ करून बसतील, कारण एक २ पत्ता आहे आणि दुसरा २ आकडा, हे कागदावर सारखेच दिसते. काही जण एखादी ओळ वगळतील. चुका फळ्यावर मोजा.

हॉपरबाईंनी हेच पाहिले. माणसाला नक्कल आणि बेरीज धड जमत नाही आणि समोरच्या यंत्राला नेमके तेवढेच जमते, तर ते काम यंत्रानेच करावे. १९५२ च्या सुमारास युनिव्हॅकवर त्यांनी ए-झिरो हा प्रोग्राम तयार केला. कृतींचा संग्रह टेपवर ठेवायचा, प्रत्येकीला क्रमांक द्यायचा. माणसाने फक्त क्रमांक आणि कशावर काम करायचे ते लिहायचे, उतरवणे आणि पत्ते बदलणे यंत्राचे. आजच्या अर्थाने तो पूर्ण कंपायलर (माणसाने लिहिलेल्या सूचना यंत्राच्या भाषेत आणणारा प्रोग्राम) नाही, आता ज्याला लिंकर (तयार तुकडे जोडणारा) म्हणतात त्याच्या जवळचा आहे, हेही मुलांना सांगावे; थोरपणा त्याने कमी होत नाही. मे १९५२ मध्ये पिट्सबर्गच्या सभेत बाईंनी त्यावर निबंध वाचला, त्याचे शीर्षक मराठीत ‘संगणकाचे शिक्षण’ असे होईल. मास्तरणीशिवाय दुसऱ्या कोणाला ते सुचले नसते.

त्यात एक अडचण होती. यंत्र टेप एकदाच, पुढच्या दिशेने वाचणार. मध्येच ‘पुढच्या अमुक ओळीवर जा’ आले, आणि ती ओळ कुठे पडणार हे अजून ठरलेलेच नसेल, तर? बाई कॉलेजात बास्केटबॉल खेळलेल्या. तेव्हाच्या मुलींच्या नियमांत चेंडू हातात असताना पाऊल टाकता येत नसे. मध्ये कोणाकडे तरी तो सोपवून पुढे जागा घ्यायची. तसाच त्यांनी यंत्राच्या स्मृतीच्या शेवटी एक राखीव कोपरा ठेवला. पुढची उडी आधी त्या कोपऱ्यात मारायची आणि तिथे निरोप ठेवायचा. खरी ओळ आली की तिचा पत्ता कोपऱ्यात भरायचा. कुलूप लावून शेजारी किल्ली देऊन जातो, तसा हा प्रकार.

यंत्राला शब्दांत सूचना देण्याचे त्यांचे काम बहुतेकांना ऐकून माहीत असते, म्हणून थोडक्यात. फ्लो-मॅटिक या त्यांच्या संगणक-भाषेत हिशेबाच्या सूचना साध्या इंग्रजी शब्दांत लिहिता येत. शब्द म्हणजे यंत्राच्या लेखी निव्वळ खुणा, हे पटवायला बाईंनी त्याच सूचना फ्रेंच आणि जर्मन शब्दांत करून दाखवल्या. फिलाडेल्फियात बनलेले अमेरिकन यंत्र फ्रेंच समजणार म्हटल्यावर वरिष्ठ हबकले. मराठीत हे दाखवायचे असेल तर एक खाचखळगा लक्षात ठेवावा. नुसता शब्दाला शब्द ठेवून भागत नाही, कारण आपले क्रियापद शेवटी येते: ‘विक्री एकूणमध्ये मिळवा’. सूचना वाचणाऱ्या प्रोग्रामला क्रियापद कुठल्या जागी शोधायचे तेही सांगावे लागते. कोबोल या व्यापारी हिशेबाच्या संगणक-भाषेच्या बाबतीत मात्र ‘हॉपर यांनी शोधलेली भाषा’ असे लिहू नये. १९५९ मध्ये ती समितीने बांधली. फ्लो-मॅटिकचा पाया होता, बाई सल्लागार होत्या, आणि प्रत्यक्ष मसुद्यावर जीन सॅमेट यांच्यासारख्या सदस्यांनी खपून काम केले.

आता तार. लोकांना संगणकाचा वेग कळावा म्हणून बाई सभेत तारेचे तुकडे वाटत. प्रकाश एका सेकंदात २,९९,७९२ किलोमीटर जातो. सेकंदाच्या अब्जाव्या भागात, म्हणजे एका नॅनोसेकंदात, २९.९८ सेंटिमीटर; तेवढाच बाईंचा तुकडा. विजेचा संकेत याहून पुढे जाऊच शकत नाही. नौदलातले अधिकारी विचारत, उपग्रहावरून निरोप यायला इतका वेळ का? बाई तार दाखवून म्हणत, वर जाऊन खाली येईपर्यंत मध्ये अशा किती तारा बसतात ते पाहा. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर, जाऊन-येऊन ७१,५७२. म्हणजे सुमारे २४ कोटी तुकडे, पाव सेकंदाला थोडे कमी.

प्रदर्शनासाठी हे करायला खर्च जवळजवळ नाही. बाई टेलिफोनची तार वापरत; ती आता सहज मिळत नाही, म्हणून स्टेशन रोडवरच्या एखाद्या दुकानातून कॅट-फाइव्ह लॅन केबल (संगणक एकमेकांना जोडायची) सव्वा मीटर आणा. घरी राउटरला लावतो ती पॅचकॉर्ड नको. तिच्या आत बारीक तारांचा झुपका असतो आणि तुकडा सरळ राहत नाही. भिंतीतून टाकतात ती, आत एकसंध तांब्याची तार असलेली मागा. बाहेरचे आवरण सोलताना पाते आतल्या तारेला लागू देऊ नका, नाहीतर मूल दोनदा वाकवेल आणि तिथेच तुटेल. आत चार जोड्या, आठ तारा निघतात. जोड्यांना पीळ असतो, त्यामुळे आतली तार केबलच्या लांबीपेक्षा थोडी जास्त भरते. केबलसकट ३० सेंटिमीटर मोजून कापले तर तुकडे लांब निघतात. म्हणून आधी पीळ उलगडा, तार फूटपट्टीवर ताणून प्रत्येकी बरोबर एक मीटरवर कापा आणि मग ३०-३० चे तीन तुकडे करा. ३० आणि २९.९८ मधला फरक ०.२ मिलिमीटर, कटरच्या कापात जाणारा. आठ तारांचे २४ तुकडे होतात.

परीक्षक हुशार असेल तर विचारेल, तारेतून संकेत प्रकाशाइतका वेगाने जातो का? नाही. या केबलमध्ये तो साधारण दोन-तृतीयांश वेगाने जातो, म्हणजे नॅनोसेकंदाला २० सेंटिमीटर. २० चा एक तुकडा वेगळ्या रंगाच्या तारेचा कापून शेजारी ठेवा: लांब तुकडा ही निसर्गाची मर्यादा, आखूड तुकडा ही तांब्याची. काचतंतूतही (ऑप्टिकल फायबर) जवळजवळ हेच होते. ठाणे ते बोरीबंदर, १८५३ च्या पहिल्या गाडीचे ३४ किलोमीटर, प्रकाश मोकळ्या जागेत ११३ मायक्रोसेकंदांत (सेकंदाचा दशलक्षावा भाग म्हणजे एक मायक्रोसेकंद) कापेल. रुळांलगतच्या काचतंतूतून सुमारे १६७ लागतील. ऐरोली-महापे पट्ट्यात डेटा सेंटर उभी राहतात तेव्हा जागेच्या आणि विजेच्या हिशेबाबरोबर हाही हिशेब असतो.

मायक्रोसेकंदासाठी बाई ९८४ फुटांचे वेटोळे दाखवत. एक मायक्रोसेकंद वाया घालवताना काय फेकतो आहोत हे कळावे म्हणून ते प्रत्येक प्रोग्रामरच्या टेबलावर टांगावे, असे त्या सांगत. ते तयारच मिळते: लॅन केबलचा पूर्ण खोका ३०५ मीटरचा, म्हणजे हजार फुटांचा असतो. विकत घेऊ नका. शाळेत किंवा सोसायटीत नेटवर्कचे काम करणाऱ्याकडून एक दिवस न फोडलेला खोका उसना आणा आणि शेवटचे पाच मीटर हिशेबात धरू नका. मिलिसेकंदाला, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाला, नकाशा लागेल, सरळ रेषेत ठाणे ते कोल्हापूर जवळपास तेवढेच अंतर आहे. आणि पिकोसेकंदाला, म्हणजे नॅनोसेकंदाच्या हजाराव्या भागाला, ०.३ मिलिमीटर; बाई त्यासाठी मिरपूड दाखवत. मिरपूड पुडीतच राहू द्या, पंख्याखाली उघडली की सगळे टेबल शिंकत बसते.

तारा कापून झाल्या की प्रत्येक मीटरमागे दहा सेंटिमीटरचा तुकडा उरेल. तो कचऱ्यात टाकू नका. तीन गिगाहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तीन अब्ज ठोके देणाऱ्या, प्रोसेसरच्या एका ठोक्यात प्रकाश तेवढाच पुढे सरकतो.

— एक संगणक-शिक्षिका, नौपाडा, ठाणे