चमत्कार राहू द्या, त्या मुलाचा खोकला विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकात पान तीनवरची ‘निसर्गाची किमया’ ही बातमी वाचली. फोटोत छातीवर उजव्या बाजूला हात ठेवून उभा असलेला तो पोरगा गोड दिसतो, त्याबद्दल वाद नाही. शाळेतल्या आरोग्य तपासणीत हृदय उजवीकडे असल्याचं कळलं, आईवडील चकित झाले, डॉक्टरांनी पाठीवर थाप मारली, देवाची करणी वगैरे वगैरे. आणि अगदी शेवटच्या ओळीत आपले वार्ताहर जाता जाता लिहून गेले की, लहानपणापासूनचा सर्दी-खोकल्याचा किरकोळ त्रास सोडला तर मुलाची प्रकृती ठणठणीत आहे.

साहेब, तो ‘किरकोळ त्रास’ मथळ्यात यायला हवा होता.

ज्यांचे छाती-पोटातले अवयव असे उलट बाजूला असतात, त्यांच्यातल्या साधारण चौघांपैकी एकाला ‘प्रायमरी सिलिअरी डिस्किनेशिया’ हा जन्मजात, आनुवंशिक आजार असतो. बाकीचे तिघं धडधाकट आयुष्य काढतात, हे मान्य. पण चौथा कोण, हे ओळखायचं कसं? बारमाही ओल्या खोकल्यावरून आणि कायम चोंदलेल्या नाकावरून. म्हणजे आपल्या वार्ताहरांनी किरकोळ म्हणून उडवलं, नेमकं त्याच्यावरून.

मी डॉक्टर नाही, निवृत्त शिक्षिका आहे. पण माझ्या नातीमुळे हे सगळं शिकावं लागलं. पोर दिवस भरून झाली, वजनही चांगलं, तरी पहिल्याच दिवशी श्वास लागला म्हणून काचेच्या पेटीत ऑक्सिजनवर ठेवली. पोटात पाणी गेलं असेल, म्हणाले. घरी आली ती वाहतं नाक घेऊनच. थंडीत खोकला सगळ्यांच्याच पोरांना येतो. ही मे महिन्यात, सोलापूर त्रेचाळीसवर तापलेलं असतानाही छातीत घरघर घेऊन फिरायची. बालदमा म्हणून पंप दिले. घरात टॉवेलचे माग आहेत हे कळल्यावर तर प्रत्येक डॉक्टरला कारण आयतंच मिळालं: कापसाची धूळ. त्याच धुळीत वाढलेली बाकीची पोरं खोकत नाहीत, हे मी दर वेळी सांगायची आणि दर वेळी माझ्याकडे म्हातारी फार बोलते अशा नजरेनं बघितलं जायचं. पुढे टीबी. थुंकीत जंतू सापडला नाही, पण ‘फोटोवर डाग आहे’ म्हणून सहा महिन्यांचा कोर्स. तो पूर्ण झाला, खोकला होता तिथेच.

आता त्या फोटोचीच गोष्ट ऐका. एक्स-रे काढणाऱ्याला हृदय उजवीकडे दिसलं. त्याला वाटलं, आपलंच काहीतरी उलटं झालं. हल्ली सगळं संगणकावर असतं. एक बटण दाबून त्यानं उजव्याचं डावं केलं आणि ‘बरोबर’ दिसणारा फोटो आमच्या हातात दिला. नंतर दुसऱ्या सेंटरवरही हेच झालं. ईसीजीच्या वेळी हातांच्या वायरी उलट्या लागल्या असं समजून पहिली पट्टी फाडली, वायरींची अदलाबदल करून दुसरी काढली. ती बऱ्यापैकी सरळ आली, सगळ्यांचं समाधान झालं. पोरीचं शरीर ओरडून सांगत होतं आणि ही मंडळी ते दुरुस्त करून फाइलला लावत होती. शेवटी एका शिकाऊ डॉक्टर मुलीला डावीकडे ठोके नीट ऐकू येईनात. तिनं स्टेथोस्कोप उजवीकडे सरकवला आणि मला म्हणाली, “आजी, हिचं हृदय या बाजूला आहे, हे आधी कुणी सांगितलं नाही?” सोनोग्राफीत यकृतही डावीकडे निघालं.

पुढचं पुण्यात कळलं. आपल्या नाकापासून फुप्फुसातल्या नळ्यांपर्यंत आतून सूक्ष्म तंतू असतात, ते सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलून चिकट कफ वर ढकलतात. या मुलांचे तंतू हलत नाहीत, किंवा वेडेवाकडे हलतात. कफ जागच्या जागी साचून कुजतो, पुन्हा पुन्हा जंतुसंसर्ग होतो, नळ्या कायमच्या रुंद होऊन बसतात. कानातही तोच प्रकार, म्हणून ऐकू कमी येतं. आणि हृदय उजवीकडे का? गर्भ अगदी लहान असताना असेच फिरणारे तंतू डावं-उजवं ठरवतात. ते फिरलेच नाहीत तर कोणता अवयव कुठे, हे नाणं उडवून ठरवल्यासारखं होतं. म्हणून या आजाराच्या साधारण निम्म्याच मुलांत अवयव उलटे असतात. उरलेल्या निम्म्यांचं हृदय डावीकडेच असतं. त्यांना तर आपल्या पान तीनचाही उपयोग नाही!

हे काही काल लागलेले शोध नाहीत. उलटे अवयव, सायनस आणि रुंदावलेल्या श्वासनलिका या तिन्हींची सांगड झुरिकच्या कार्टाजेनर यांनी १९३३ साली घातली. मुळात हे तंतूच हलत नाहीत, हे स्वीडनच्या अफझेलिअस यांनी १९७६ मध्ये दाखवलं.

निदान मात्र आजही किचकट आहे. एकच चाचणी करून मोकळं होता येत नाही. नाकातला नायट्रिक ऑक्साइड वायू मोजतात, तो या मुलांत फार कमी भरतो. पण सिस्टिक फायब्रोसिस या कफ साचवणाऱ्या दुसऱ्या आनुवंशिक आजारातही कमी भरू शकतो, म्हणून घामाची चाचणी करून तो आजार आधी बाजूला काढावा लागतो. यंत्र मोजक्या ठिकाणी, आणि त्यासाठी मुलाला श्वास रोखता यायला हवा, म्हणजे पाचेक वर्षांचं तरी हवं. नाकातून ब्रशनं पेशी काढून तंतूंची हालचाल वेगवान कॅमेऱ्यात बघतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली रचना बघतात, पण दहातल्या तीन रुग्णांत ती रचना नॉर्मल दिसते. पन्नासच्या वर जनुकं आजवर सापडलीत, तरी बऱ्याच रुग्णांत दोष हाती लागत नाही. म्हणजे एक रिपोर्ट नॉर्मल आला की ‘काही नाही, घरी जा’ म्हणणाऱ्यांपासून सावध. आम्हालाही तसं सांगणारे भेटले.

हे सगळं सोलापुरात व्हावं अशी माझी मागणी नाही. पण संशय घ्यायला यंत्र लागत नाही. दिवस भरलेलं बाळ जन्मतःच ऑक्सिजनवर गेलं होतं का, तान्हेपणापासून रोज ओला खोकला आहे का, नाक बारा महिने वाहतं का, अवयव उलटे आहेत का, एवढं विचारायला पाच मिनिटं पुरतात.

नातीच्या जनुकाच्या दोन्ही प्रतींत, आईकडून आलेल्या आणि वडिलांकडून आलेल्या, दोष निघाला. लेक मी माझ्याच भावाच्या मुलाला दिली आहे. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात कित्येक घरांत मामाचं घर हेच सासर असतं. अशा लग्नांत एकच लपलेला दोष दोघांकडून येण्याची शक्यता वाढते, हे मला आता जनुकतज्ज्ञांनी समजावलं आहे. त्यावर पत्रं पाठवून कुणी मला आणखी शिकवू नये. नात्यात लग्न न केलेल्यांनाही हा आजार होतो. आणि प्रथा आहे हे डॉक्टरांना ठाऊक आहे, तर तो प्रश्न पहिल्याच दिवशी केस पेपरवर का येत नाही, याचं उत्तर कुणाकडे आहे?

शाळेचंही सांगते. कोविडनंतर खोकणारं पोर म्हणून तिला शेवटच्या बाकावर बसवलं. आधीच कानात पाणी साचलेलं, त्यात शेवटचा बाक. मग प्रगतिपुस्तकात शेरा, ‘वर्गात लक्ष नसते’. तीस वर्षं फळ्यासमोर उभी राहिलेली बाई आहे मी, तो शेरा वाचून काय वाटलं ते इथे लिहीत नाही. हा आजार संसर्गानं पसरत नाही. आता तिच्या दप्तरात चिठ्ठी असते: अवयव उलट बाजूला आहेत, पोटात डावीकडे दुखलं तर अपेंडिक्सचा विचार करा.

आजार बरा होत नाही. रोज यंत्रातून (नेब्युलायझर) मिठाच्या पाण्याची वाफ, छातीचा व्यायाम करून कफ काढणं, वेळोवेळी थुंकीची तपासणी, जंतूप्रमाणे औषध, कानांची देखरेख. वाफेचं यंत्र रोज धुऊन उकळावं लागतं आणि नळाला पाणी चार-चार दिवस येत नाही, पण तो विषय काढला तर पत्र संपायचं नाही. एवढं सगळं लवकर सुरू झालं तर फुप्फुसं पुष्कळ राखता येतात. नातीची डाव्या फुप्फुसाची एक बाजू आम्ही गमावून बसलोय, कारण दोन ठिकाणी फोटो सरळ करून मिळाला.

तेव्हा विनंती अशी की त्याच वार्ताहरांना त्या मुलाच्या घरी परत पाठवा. फोटोग्राफर नको. जन्माच्या वेळी काय झालं होतं, ते आईला विचारा, आणि त्यांना लवकरात लवकर फुप्फुसतज्ज्ञाकडे जायला सांगा. उत्तर छापलं नाहीत तरी चालेल.

आणखी एक. त्या बातमीच्या बरोबर खाली ‘दमा, जुनाट खोकला मुळासकट, पथ्य नाही’ अशी अर्धा पान जाहिरात होती. ती कोणत्या तपासणीनंतर छापता? मागच्या वेळी जागेअभावी माझं पत्र निम्म्यावर कापलं होतं. या वेळी जागा कमी पडली तर कुठून काढायची, ते सांगून ठेवलं आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर
(नातीसाठी नाव छापू नये.)